साप साप म्हणून

वाचकहो, फराळाच्या ताटाशी सापाचा विषय काढला म्हणून रागावू नका. पाऊस सरला तरी अंगणातले गवत सरलेले नसते, आणि गवतात काय सळसळते याची पहिली चौकशी घरचा कुत्राच करतो. चौकशीला तो नाक पुढे करतो, नाहीतर पंजा. म्हणून दंशही बहुधा तिथेच होतो.

‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ हा वाक्प्रचार मी दरवर्षी वर्गात शिकवतो. तिथे साप नसतो, नुसती धोपटाधोपट असते. आमच्या शेजारी गेल्या श्रावणात साप खराच निघाला, पण धोपटाधोपट तीच! मोत्या केकाटला तसे अण्णा काठी घेऊन धावले, चिरंजीव बॅटरी शोधू लागले, कोणी हळद आणा म्हणाले, कोणी मांत्रिकाचे नाव घेतले. मोत्या कोपऱ्यात थरथरत होता. धाकट्या सूनबाईंनी मात्र कोणाला न विचारता त्याचा पट्टा सोडला, त्याला चादरीच्या झोळीत घेतले आणि रिक्षा बोलावली. मोत्या वाचला तो त्या झोळीमुळे.

साप मारून कुत्र्याचे विष उतरत नाही. तो ओळखण्यासाठी पकडायचीही गरज नाही, कारण आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालते. ती घोड्यांच्या रक्तापासून करतात. माणसाला देतात तीच कुत्र्यालाही देतात, आणि कुत्रा लहान म्हणून लस थोडी, असा हिशेब नसतो. विष किती गेले त्यावर मात्रा ठरते. क्वचित लसीचीच तीव्र रिअॅक्शन येते, म्हणून ती जनावरांच्या डॉक्टरांनीच द्यावी.

तोवर घरच्यांनी करायचे ते थोडे, न करायचे ते फार. कुत्र्याला चालवू नये. हालचालीने विष लवकर पसरते. सूज चढण्याआधी गळपट्टा काढावा. कळवळणारा कुत्रा धन्यालाही चावतो, तेव्हा तोंडाशी हात नेऊ नये. जखमेवर चीर, चोखणे, आवळपट्टी, बर्फ यांतले काही नको. दूध-तूप पाजू नये आणि आपल्या डोकेदुखीची गोळी तर मुळीच देऊ नये.

‘आता बरा दिसतो, सकाळी पाहू’ हे वाक्य सर्वांत घातक. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. नाग-मण्यारीच्या विषाने पापण्या जडावतात, मागचे पाय लटपटतात, लाळ गळते आणि शेवटी श्वास अडतो. घोणस-फुरशाच्या विषाने सूज चढते, रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येते. ही लक्षणे उमटण्याची वाट पाहणे म्हणजे वेळ घालवणे.

प्रत्येक दवाखान्यात लस असतेच असे नाही, आणि हे रात्री अकरा वाजता कळून उपयोग नाही. तेव्हा या दिवाळीत एक काम करा. रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना कोणता, तिथे लस असते का, हे विचारून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, तो फोन नंबर ठळक लिहून ठेवा. वर्षभर तो कामी न येवो!