रोबोट कुणाच्या हृदयासाठी?

छाती न फाडता रोबोटने हृदयाची झडप दुरुस्त करतो, अशी जाहिरात हल्ली शहरांतली बडी खासगी रुग्णालये करतात. ती खोटी नाही. १९९८ साली पॅरिसमध्ये अलां कार्पांतिए यांनी रोबोटच्या साहाय्याने मायट्रल झडप दुरुस्त केली. सर्जन कन्सोलवर बसून यंत्राचे हात चालवतो, ते हात बरगड्यांमधल्या लहान छेदांतून आत जातात, छातीचे हाड कापावे लागत नाही. माणूस लवकर कामाला लागतो. एक दिवस मजुरी बुडली की ज्याची चूल विझते, त्याला याची गरज सर्वांत जास्त!

म्हणून आम्ही यंत्राला शिव्या देणार नाही. गांधींच्या यंत्रविरोधाला उत्तर देताना बाबासाहेबांनी सुनावले होते की दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. आमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांत पोरांच्या झडपा बिघडवतो तो ऱ्हुमॅटिक ताप. एका खोलीत आठ माणसे, घशाला जंतूंचा संसर्ग, उपचार नाही. मग शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपेवर उलटते. (आठ माणसे एका खोलीत का, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.) रोबोटने दुरुस्ती होते ती मुख्यतः सैल पडलेल्या झडपेची. ऱ्हुमॅटिक झडप जाड होते, आखडते. पुष्कळदा ती बदलावीच लागते. धातूची झडप बसवली की जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी आणि वरचेवर रक्ततपासणी. ऊसतोडीला गेलेली बाई ती फडात कुठे करणार?

सरकारला जमत नाही असेही नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या सरकारी संस्थेने घडवलेली झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, तीही परदेशी झडपेपेक्षा स्वस्त. त्याच्याही आधीचा उपाय आणखी साधा आहे. ताप वेळीच ओळखून दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे दिले, तर बहुतेकांची झडप वाचू शकते. औषध जुने, नफा किरकोळ. त्याचे होर्डिंग कोण लावणार?

आणि कन्सोलवर बसणार कोण? मंडल खटल्याच्या १९९२ च्या निकालात वैद्यकातल्या सुपरस्पेशालिटीच्या जागांवर आरक्षण नसावे, असे मत नोंदवले गेले. म्हणजे छाती आमची, खुर्ची त्यांची.

जयंतीला आपण रक्तदान शिबिरे भरवतो. यंदा तिथे पोरांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणारा डॉक्टरही बसवूया. आणि बेंझाथीन पेनिसिलीनचा किती साठा आहे, हे आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला माहिती अधिकारात लेखी विचारूया.

जयभीम!