पंचविशीतला दबलेला मणका

शेंद्रा एमआयडीसीत शिफ्ट सुटली की करमाड, कुंभेफळपासून चिकलठाण्यापर्यंतचे दवाखाने भरतात. कंबर धरून आलेला पंचवीस-तिशीचा कामगार त्या गर्दीत नेहमीच असतो. आपले उत्तर तयार असते: उसण भरली आहे. डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन, पाच दिवसांच्या गोळ्या, कमरेला पट्टा. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असते. हे संपादकीय उरलेल्यांबद्दल आहे.

उरलेल्यांत काहींचा मणका दबलेला असतो. सत्तरीच्या आजींच्या बाबतीत ही शंका आपल्याला लगेच येते. तरुणाचे मात्र वय पाहूनच आपण निर्धास्त होतो. त्यात तो स्वतःच सांगतो की पडलो नाही, कंपनीच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर होतो, गतिरोधकावर बस आदळली. ती सीट मागच्या चाकांच्याही मागे असते. बस उसळते तेव्हा माणूस वर उडतो आणि पोक काढलेल्या अवस्थेत खाली आपटतो. सगळा भार डी-12 आणि एल-1 मणक्यांच्या पुढच्या भागावर येतो, कारण बरगड्यांनी जखडलेली पाठ आणि मोकळी हलणारी कंबर तिथेच जुळतात. अशा फ्रॅक्चरच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत अनेक देशांतून आलेल्या आहेत.

दुखते मात्र बरेचदा खाली, पट्ट्याच्या रेषेत. रुग्ण तिथे बोट ठेवतो, आपण ‘एलएस स्पाइन’ लिहितो, आणि फिल्मच्या वरच्या कडेला डी-12 अर्धामुर्धा येतो किंवा येतच नाही. म्हणून डोर्सोलंबर लॅटरल मागवा. त्याआधी रुग्णाला टेबलावर उताणे झोपायला सांगा आणि तो कसा झोपतो ते नीट पाहा. मणका दबलेला माणूस आधी कुशीवर होतो, कोपरावर भार घेतो, पाठ टेकवताना श्वास रोखून धरतो. मग त्याला उभा करून एकेका मणक्यावर मुठीने हलके ठोका. स्नायू आखडलेल्याला बाजूने दाबल्यावर दुखते. दबलेल्या मणक्यावर मूठ पडली की रुग्ण मध्यरेषेवर, एकाच जागी दचकतो.

एक्स-रे होईपर्यंत पाठ कुणाच्या हाती देऊ नको, हे त्याला स्पष्ट सांगावे लागते. उसण घालवायला पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. नुसत्या स्पर्शाने काही बिघडत नाही. पण पाठीवर मारलेली लाथ किंवा मालिशवाल्याने दिलेला झटका फुटलेला तुकडा मागे, मज्जारज्जूकडे सरकवू शकतो. टर न उडवता समजावले तर रुग्ण ऐकतो.

शेडच्या पत्र्यावरून कोसळलेल्याचा मणका दबला तर कारण समोर असते (त्याच्या टाचाही तपासा). पण गोणी उचलताना, साध्या दणक्याने किंवा काहीच न होता पंचविशीत मणका दबला, तर तो का दबला हे शोधल्याशिवाय आपले काम झाले असे आम्ही मानत नाही. पहिली शंका क्षयाची, कारण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. शेजारचे दोन मणके आणि मधली चकती खराब दिसत असेल, संध्याकाळी कणकण आणि वजनात घट असेल, तर एमआरआय करा आणि नमुना घेऊन सीबीनॅट तपासणी करा. अंदाजाने एकेटी सुरू करू नका.

दुसरी शंका स्टिरॉइडची, आणि इथे आपल्या व्यवसायाने स्वतःकडे पाहायला हवे. दमा, खाज, सांधेदुखी, जिममध्ये वजन वाढवणे अशा कशाकशासाठी बिनचिठ्ठीच्या गोळ्या आणि पुड्या खाल्ल्या जातात. हाडांची झीज सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांतच. घरातली सगळी पाकिटे घेऊन यायला सांगा. सकाळी पाठदुखीनेच जाग आली असेल तर रात्री झोपेत फीट आली होती का, हे घरच्यांना विचारा. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असताना पाठ धरलेल्या तरुण आईचे दुखणे बाळ उचलण्यावर ढकलू नका. त्या काळातही हाडे ठिसूळ होऊन मणके दबू शकतात. रक्ताच्या तपासण्यांत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, पीटीएच, सीबीसी आणि ईएसआर हवेतच. डेक्सा केला तर या वयात टी-स्कोअर नव्हे, झेड-स्कोअर वाचायचा.

मणका मोडला हे शब्द ऐकताच घरच्यांना खाट आणि लकवा दिसू लागतो; मुलाचे लग्न ठरायचे असेल तर आणखीच. त्यांना फिल्म दाखवा. मागची भिंत शाबूत असेल तर बहुतेक मणके शस्त्रक्रियेविना आठ ते बारा आठवड्यांत जुळतात. शंका असेल तिथे सीटी करा, कारण साध्या एक्स-रेवर बर्स्ट फ्रॅक्चरही पाचरीसारखे दिसू शकते. तीन महिने पलंग सोडू नको, हा सल्ला आता बंद व्हावा. वेदना आवाक्यात आली की ब्रेस लावून चालणे सुरू करावे. लघवी अडली, मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा पायांतली ताकद गेली, तर मात्र त्याच रात्री घाटी रुग्णालय गाठायचे.

आणि केसपेपर. 2010 च्या दुरुस्तीपासून कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ, ठिकाण आणि कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामगार विम्यात कामावरचाच धरला जातो. कामावरच्या इजेसाठी तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या 90 टक्के मिळतो. साध्या आजारपणाचा 70 टक्के, तोही वर्षाला 91 दिवसांपर्यंत. नुसते ‘कंबरदुखी’ लिहिले तर हा फरक कामगाराच्या खिशातून जातो. कुठे, किती वाजता, कोणत्या गाडीत, कसा दणका बसला, हे त्याच्याच शब्दांत पहिल्या भेटीत लिहा. तो कंत्राटी असला तरी विमा क्रमांक विचारा आणि केसपेपरवर उतरवून घ्या.