पडद्यासमोरची खुर्ची

सिनेमा हा करमणुकीचा विषय आहे, त्यात राजकारण आणि अर्थकारण कशाला कालवता, असे आम्हांस वारंवार सुनावले जाते. सुनावणारी मंडळी सज्जन असतात. रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात चार माणसे रेंगाळतात, नव्या चित्रपटाचा विषय निघतो, आणि आमच्यासारख्या सिनेवेड्याने तिकिटाच्या दराविषयी तोंड उघडले की 'परवडत नसेल तर घरी टीव्हीवर पाहा' हा तोडगा तत्काळ पुढे येतो. तो आम्हांस मान्य नाही. पडद्यावर काय दिसावे हे ठरण्याआधी पडद्यासमोर कोणी बसावे हे ठरत असते. आणि महाराष्ट्रात गेल्या पंचवीस वर्षांत ते सरकारने ठरवले आहे, कायद्याने आणि कराने ठरवले आहे. बाजाराचे नाव उगाच पुढे केले जाते.

थोडे मागे जाऊ. १९५२ साली आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. त्यात व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्हज' हा इटालियन चित्रपट दाखवला गेला. (चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत याचा समावेश आहे. ज्या धर्मग्रामांत सभागृह आहे, त्यांनी तो एकदा तरी दाखवावा.) पोटापाण्याची सायकल चोरीला गेलेला एक मजूर आणि त्याचा लहानगा मुलगा दिवसभर रोमच्या रस्त्यांवर ती शोधत हिंडतात, एवढीच कथा. बिमल रॉय यांनी तो पाहिला, आणि पुढल्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचा 'दो बीघा जमीन' पडद्यावर आला.

हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना शंभू महतो विसरणे शक्य नाही. बलराज साहनी यांनी तो उभा केला. शंभूच्या हिशेबाने त्याच्यावर जमीनदाराचे कर्ज ६५ रुपये. जमीनदाराच्या चोपडीत ते २३५ होते. चोपडी वाचता येत नाही, म्हणजे कर्ज किती हेही दुसऱ्यानेच ठरवायचे! जमीनदाराला त्याची दोन बिघे जमीन हवी असते, कारण तिथे गिरणी उभारायची आहे. शंभू मुलाला घेऊन कलकत्त्याला जातो, माणसाने ओढायची रिक्षा ओढतो, जखमी होईपर्यंत ओढतो. शेवटी गावी परततो तो जमिनीचा लिलाव झालेला असतो आणि तिच्यावर कारखान्याचे बांधकाम चालू असते. आपल्याच शेतातली मूठभर माती तो उचलतो, आणि राखणदार तीही त्याला टाकायला लावतो. या चित्रपटात राजकीय भाषण एकही नाही. तरीही यात राजकारण नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने तो झोपेत पाहिला असावा.

शंभूची जमीन गिरणीने गिळली. मुंबईत पुढे गिरणीची जमीन मॉलने गिळली, आणि तीही अशीच चोपडीतून. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर लालबाग, परळ, भायखळ्याचा संसार विरत गेला. मागे उरली ती जमीन, सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची ढोबळमानाने तीन वाटे करण्याची तजवीज केली होती: एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती सगळ्या जमिनीची नव्हे, मूळच्या मोकळ्या तुकड्याचीच, असा तिचा अर्थ निघाला. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. चोपडीतले ६५ चे २३५ झाले, ते येथे उलट्या दिशेने.

आता वाचकांनी २००१ हे साल ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्ससाठी करमणूक शुल्काची सवलत योजना आणली. पहिली तीन वर्षे संपूर्ण माफी, पुढची दोन वर्षे अंशतः. जुन्या एकपडदा चित्रपटगृहाला मात्र हे शुल्क भरावेच लागे, आणि त्याचा दर ४५ टक्क्यांच्या घरात होता. पुढे या सवलतीवर आयकर लागतो की नाही, असा वाद उभा राहिला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही सवलत चित्रपटगृहे बांधली जावीत यासाठी होती, म्हणून ती भांडवली जमा होय, उत्पन्न नव्हे. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच असेल, आम्ही वकील नव्हे. पण साध्या माणसाच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो? दरवाजा महाग करणाऱ्याला सरकारने दरवाजा बांधायला पैसे दिले, आणि स्वस्त दरवाजा उघडा ठेवणाऱ्याकडून शुल्क वसूल केले. याला बाजाराचा नियम म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. तो लिहिला मात्र मंत्रालयात गेला.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, जुनी चित्रपटगृहे काय स्वर्ग होती? नव्हती. ढेकूण होते, बंद पडलेले पंखे होते, प्रसाधनगृहाचा वास मध्यंतराआधीच कळत असे, आणि स्त्रियांना एकटीने तिथे जाणे नकोसे वाटे. हे सगळे खरे. पण मग सवलत द्यायची होती ती ढेकूण मारायला द्यायला हवी होती.

लालबागचे 'भारतमाता' घ्या. गिरणीच्याच जागेवर उभे असलेले हे चित्रपटगृह मराठी चित्रपटांसाठी आणि गिरणी कामगारांच्या गर्दीसाठी ओळखले गेले. पाळी संपवून आलेला माणूस तिथे बसत असे. असा प्रेक्षक समोर असताना लेखक-दिग्दर्शकांना संप, मालक, युनियन हे शब्द परके वाटत नसत. १९७५ च्या 'दीवार'मध्ये सूड, तस्करी, आई असा सगळा मसाला आहे; पण कथेचे मूळ काय? एक कामगार पुढारी, कुटुंब वाचवण्यासाठी मालकांच्या करारावर सही करतो आणि कामगारांच्या लेखी गद्दार ठरतो. १९७९ चा 'सिंहासन' पाहा. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून डॉ. जब्बार पटेल यांनी केलेल्या या चित्रपटात सतीश दुभाषी यांनी डिकास्टा नावाचा कामगार पुढारी रंगवला. आपल्या समाजाचा माणूस एरवी पडद्यावर दिसतो तो दारूच्या गुत्त्यावर किंवा गिटार घेऊन. येथे तो मुंबई बंद पाडू शकणारी शक्ती म्हणून येतो, आणि मुख्यमंत्र्यांनाही त्याची गणना करावी लागते. डिकास्टा साधुपुरुष नाही, हेही बरेच आहे.

१९९१ नंतर नवे आर्थिक धोरण आले. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मध्ये घर आहे, बाग आहे, लग्न आहे, जेवण आहे. पैसा कुठून आला हे विचारायची सोय नाही. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' चा नायक लंडनला राहतो. आम्ही हे दोन्ही चित्रपट पाहिले आणि दोन्ही आवडले, हे लपवत नाही. शिवाय गंमत अशी की, या दुसऱ्या चित्रपटाला मुंबई सेंट्रलच्या 'मराठा मंदिर'मध्ये हजाराहून अधिक आठवडे जगवले ते लंडनच्या माणसाने नव्हे, स्वस्त तिकिटावर येणाऱ्या साध्या प्रेक्षकाने. पण निर्मात्याचे गणित बदलले ते बदललेच. थोड्या खुर्च्यांवर महाग तिकीट विकून खर्च निघत असेल, तर गिरणी कामगारासाठी कथा लिहायची कोणी आणि का?

कथा लिहिली गेली, तेव्हा काय झाले? जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकावरून महेश मांजरेकर यांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' केला. संपानंतर मोडलेल्या घराची ती कथा. तोवर लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला होता. म्हणजे गिरणी कामगाराचे दुःख पाहायचे तर त्याच्याच गिरणीच्या जागेवर, थंडगार हवेत, पॉपकॉर्न घेऊन पाहायचे; आणि ज्याचे ते दुःख, त्याच्या चौघांच्या कुटुंबाला तिकिटे व खाणे मिळून हजार रुपये पुरायचे नाहीत. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती केली, त्यावर बरीच आरडाओरड झाली, वेळेची व्याख्या सैल करण्यात आली. भाषेसाठी सरकार भांडले, हे चांगलेच झाले. तिकिटाच्या दरासाठी मात्र कोणी भांडले नाही.

दुसरा मार्ग नव्हताच, असे कोणी सांगू नये. १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांनी 'मंथन' केला, त्याचा खर्च गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उचलला. आपल्या दोन रुपयांचा सिनेमा पाहायला ते ट्रक भरभरून गेले. २०२४ मध्ये त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवण्यात आली. धर्मग्रामाच्या पतपेढीत थेंबाथेंबाने भागभांडवल जमवलेल्या आपल्या लोकांना यातले गणित वेगळे समजावून सांगायला नको. पाच लाख मालक असलेल्या त्या चित्रपटात सावकार आहे, जात आहे, दुधाच्या भावातली लबाडी आहे. आणि तो कंटाळवाणा मुळीच नाही.

राहिला कराचा प्रश्न. जुलै २०१७ मध्ये करमणूक शुल्क जाऊन वस्तू व सेवा कर आला. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला आधी २८ टक्के, मग जानेवारी २०१९ पासून १८. शंभर व त्याखालच्या तिकिटाला १८ चे १२ झाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १२ चे ५. पहिल्यांदाच स्वस्त तिकिटाची कोणाला आठवण झाली, याबद्दल आभार. पण दादरचे 'चित्रा' २०१९ मध्ये बंद झाले, आणि ते एकटेच बंद झालेले नाही. गिरणी कामगारांच्या वारसांना घरे द्यायची, तर ती शेलू आणि वांगणीला द्यावीत असे घाटत आले आहे. त्याविरुद्ध २०२५ च्या जुलैत हे वारस आझाद मैदानावर येऊन बसले होते. त्यांच्यातल्या एखाद्याने शनिवारी बायकामुलांना घेऊन सिनेमाला जायचे ठरवले, तर हे पाच टक्क्यांचे तिकीट त्याने मुंबईत कोणत्या खिडकीवर मागायचे, ते अर्थखात्याने पत्त्यासह जाहीर करावे.