मधले चाक

धान कापणीच्या दिवसांत रायपूरहून धमतरीकडे निघालात, तर शेतांत दोन तऱ्हेचे हार्वेस्टर दिसतील. एक टायरवाला, दुसरा रणगाड्यासारखा पट्ट्यांवर चालणारा. या दुसऱ्याला सगळे ‘चेनवाला’ म्हणतात. ऐन कापणीत पाऊस झाला, की टायरवाला बांधावर थांबतो आणि चेनवाला चिखलात उतरतो. असे का?

मुलांना सोबत घेऊन हिशेब करा. समजा, यंत्र ३ टनांचे आहे आणि त्याचे चार टायर मिळून २,००० चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दीड किलो भार. आता ४० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर टेकणारे दोन पट्टे लावा. जागा १२,००० चौरस सेंटिमीटर, भार फक्त पाव किलो! चालताना आपले एक पाऊल याहून जास्त दाब देते.

भुसभुशीत बर्फावरही हेच गणित चालते. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले, ते शेतात चालणाऱ्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून. मोटारवाहनांनी जमिनीवरून ध्रुव गाठणारी ती पहिलीच तुकडी. इंजिन जेमतेम २८ अश्वशक्तीचे. खरा बदल खाली होता : पुढच्या-मागच्या चाकांभोवती पट्टा आणि दोन्हींच्या मध्ये एक जादा चाक.

हे मधले चाक कशाला? पट्टा लवचीक असतो. तो दोनच चाकांवर ताणला, तर सगळा भार त्या चाकांखालीच येतो आणि मधला पट्टा नुसता नावाला टेकतो. मधले चाक त्याला खाली दाबून आपल्या वाट्याचा भार उचलते. त्याच मोहिमेत व्हिव्हियन फुक्स यांच्या ‘स्नो-कॅट’ गाड्यांना चार सुटे पट्टे होते. प्रत्येक पट्टा उंचसखल बर्फाप्रमाणे आपापला कलत असे, त्यामुळे भार एका टोकावर येत नसे.

आपल्याकडे यावर पुढचे पीक अवलंबून असते. छत्तीसगडमध्ये उभ्या धानातच तिवरा, म्हणजे आपली लाखोळी, फेकून पेरतात. त्याला ‘उतेरा’ म्हणतात. कापणीच्या वेळी ती रोपे खाली उगवलेली असतात. यंत्राने खोल चाकोऱ्या पाडल्या, तर धान घरी येते, पण तिवरा चिखलात जातो.

म्हणून ओल्या शेतासाठी हार्वेस्टर ठरवताना नुसता पट्टा पाहून ‘हो’ म्हणू नका. यंत्र बंद असताना बाजूने वाका आणि पाहा : मधली सगळी चाके पट्ट्यावर टेकली आहेत का? एखादे झिजलेले किंवा अडकलेले तर नाही? पट्टा लोंबत नाही ना? चालकाला सांगा, ‘भाऊ, जागच्या जागी वळवू नका, मोठा फेरा घ्या.’ एका जागी वळणारा पट्टा माती खरवडतो, रोपेही उपटतो.

आणि यंत्र सुरू झाले, की मुलांना बांधावरच थांबवा. चालत्या पट्ट्याजवळ हात नको, ओढणी नको, गमछाही नको.