ग्लॅडिओलसच्या बादलीतलं पाणी

तुळशीचं लग्न लागलं की मांडववाल्यांची मागणी सुरू होते आणि तिच्यामागोमाग ग्लॅडिओलसवाल्यांची ठरलेली तक्रार येते : खालची दोन फुलं उमलली, वरच्या कळ्या तशाच सुकल्या. खापर कंदावर फुटतं, नाहीतर आडत्यावर. बिघाड बऱ्याचदा शेतात नसतोच. तो काढणीनंतरच्या बादलीत असतो.

ग्लॅडिओलसला फ्लोराइड सोसत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत, ही आपल्या मानकांची मर्यादा. तेवढ्यानं माणसाचं काही अडत नाही, दांड्याचं अडतं. आधी कळीवरच्या हिरव्या आवरणाचं टोक तपकिरी पडतं, मग पाकळीची कड कोमेजते. वरच्या कळ्या रंग दाखवतात, पण उघडत नाहीत. हे सगळं तहानेसारखंच दिसतं. म्हणून आपण बुडखा पुन्हा छाटतो आणि त्याच बोअरचं पाणी पुन्हा पाजतो! पाणी उकळूनही उपयोग नाही, उलट फ्लोराइडचं प्रमाण वाढतं.

किनवटकडच्या बोअरमधलं फ्लोराइड नांदेड जिल्ह्याला नवं नाही. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या चाकूरखाली बेसाल्ट आहे, त्या मानानं धोका कमी. तरी बोअर इतके खोल गेलेत की अंदाजावर विसंबू नये. बाटलीभर पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं. फ्लोराइड निघालंच तर साठवलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचा जार वापरावा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात फुलांना जारचं पाणी ही चैन वाटेल. पण बादली काठोकाठ भरायची नसते. बुडखे चार-सहा बोटं बुडाले की भागतं.

बाकीचं बहुतेकांना ठाऊक आहे. सर्वांत खालच्या कळीनं रंग दाखवला की सकाळीच कापावं, झाडावर चार पानं ठेवावीत, नाहीतर पुढच्या हंगामाचा कंद पोसत नाही. लांबच्या बाजारासाठी लिटरला २०० ग्रॅम साखरेच्या पाण्यात दांडे रात्रभर ठेवले तर वरच्या कळ्याही उमलतात. सोबत जंतुनाशक मात्र हवंच, नाहीतर बुडखा बुळबुळीत होतो.

एका गोष्टीत मात्र अजून हयगय होते. हैदराबादच्या गुडीमलकापूर फुलबाजाराला जाणाऱ्या टेम्पोत जागा वाचवायला जुड्या आडव्या रचतात. आडव्या दांड्याचा शेंडा काही तासांत वर वळतो आणि तो बाक नंतर जात नाही. वाकड्या दांड्याला आडत्या पहिल्या प्रतीचा भाव का देईल? उभ्या खोक्यांचं भाडं जास्त पडतं, हे मान्य. प्रत घसरली तर त्याहून जास्त जातं.

यंदा ज्यांनी पाणी तपासून घेतलं असेल त्यांनी अहवाल जरूर पाठवावेत. बोअरची खोली आणि लावलेला वाण लिहायला विसरू नये. पुढच्या अंकात ते एकत्र छापू.