पावती फाडण्याआधी पदवीचा कागद बघा

बारावीचा निकाल लागला की पुढच्या आठ-पंधरा दिवसांत महाराष्ट्रातल्या हजारो घरांतून बीबीए, बीएमएस, बीबीएमच्या प्रवेशासाठी पैसे बाहेर पडतात. कुणी ठेव मोडतं, कुणी दागिने गहाण ठेवतं, कुणी पतसंस्थेतून उचल घेतं. हे आवाहन त्या आठ-पंधरा दिवसांसाठी आहे. पालकांनो, विद्यार्थ्यांनो, पदवी कोणतं विद्यापीठ देणार, तिच्यावर नेमकं काय छापलेलं असणार आणि ती देण्याचा अधिकार त्यांना कुठून मिळाला, हे लेखी बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. ‘सीट ब्लॉक करून ठेवा’ म्हणून मागितलेले पैसेही नकोत.

मी वाणिज्य शाखेत शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक कागद घेऊन भेटायला येतात, आणि बहुतेक वेळा पैसे भरून झाल्यावर येतात. असाच एक कागद मागच्या हंगामात पाहिला. पावतीवर महाविद्यालयाचं नाव ठळक अक्षरांत, पण खालचा शिक्का कुठल्याशा ‘एज्युकेशन कन्सल्टन्सी’चा. रक्कम पंचवीस हजार, तपशिलात फक्त ‘नोंदणी’. तळाशी बारीक टायपात ओळ होती, रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. विद्यापीठाचं नाव पावतीवर कुठेच नव्हतं. ते माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर सापडलं. विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं, खासगी. वर्ग मात्र आपल्याच जिल्ह्याच्या गावी, एसटी स्टँडजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भरणार होते. मुलगी हुशार, वडिलांचं किराणा दुकान. त्यांना फसवायला फार खटपट करावी लागली नाही, कारण पदवीचा अधिकार कुणाला असतो हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून ते आधी सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा कायदा 1956 चा आहे. त्याच्या कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. ट्रस्ट, अकादमी, ‘इंटरनॅशनल स्कूल ऑफ मॅनेजमेंट’ अशी पाटी लावलेली संस्था स्वतःच्या नावाने पदवी देऊ शकत नाही. ती कुठल्या तरी विद्यापीठाशी संलग्न असावी लागते. आणि खासगी विद्यापीठाला महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत, स्वतःच्या राज्याबाहेर केंद्रही काढता येत नाही. म्हणजे परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची नियमित बीबीए पदवी तुमच्या तालुक्यात वर्ग भरवून मिळेल असं जो सांगतो, तो तुम्हाला धादांत खोटं सांगतो आहे.

यात काय पणाला लागतं ते छत्तीसगडने पाहिलेलं आहे. त्या राज्याने 2002 मध्ये एक कायदा केला आणि त्याच्या आधारे शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं उभी राहिली. कित्येकांना धड इमारतही नव्हती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी 2005 मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातल्या संबंधित तरतुदी रद्द केल्या आणि विद्यापीठं एका निकालासरशी नाहीशी झाली. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्थांना सरकारी विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याचा मार्ग न्यायालयाने दाखवला, पण मधल्या काळात त्या मुलांच्या घरी काय चाललं असेल? वीस वर्षं उलटली तरी असली दुकानं बंद झालेली नाहीत. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतःच्या संकेतस्थळावर देते. नागपूरच्या ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’चं नाव वर्षानुवर्षं त्या यादीत आहे. पैसे भरण्याआधी ती यादी मोबाइलवर उघडा. पाच मिनिटांचं काम आहे. जमीन घेताना आपण सातबारा बघितल्याशिवाय इसार देत नाही. मुलाच्या आयुष्याची तीन-चार वर्षं देताना तेवढीच खातरजमा करा.

आता दुसरा कागद. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाला हे अभ्यासक्रम या नावांनी चालवायचे तर परिषदेची मान्यता लागते, आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून आणि केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, आपल्या बोलण्यातल्या ‘कॅप’मधून होतात. पहिल्याच वर्षी इतका गोंधळ उडाला की अनेक मुलांना सीईटी आहे हेच वेळेत कळलं नाही आणि परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी लागली. परिषदेचं मान्यतापत्र ठरावीक मुदतीपुरतं असतं. त्यात अभ्यासक्रमाचं नाव, मंजूर जागा आणि संलग्न विद्यापीठ स्पष्ट लिहिलेलं असतं. महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन या वर्षाला लागू असलेलं मान्यतापत्र मागा. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, नंतर या’ असं उत्तर मिळालं तर नंतरच जा, पण तोवर पैसे भरू नका.

2024-25 मध्येच आणखी एक गोष्ट घडली, आणि ती फार घरांपर्यंत पोचलेली नाही. नवे नियम आले तशी काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. मुंबई विद्यापीठाने 1999 च्या सुमारास सुरू केलेलं बीएमएस वर्षानुवर्षं लोकप्रिय होतं; तेच काही ठिकाणी ‘बी. कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ झालं. ही पदवी बेकायदा नाही. विद्यापीठाचीच आहे, आणि काही ठिकाणी ती मन लावून शिकवलीही जाते. पण तिचा प्रवेश सीईटी आणि कॅपमधून होत नाही, आणि इथेच मुलींच्या पालकांनी सावध व्हायला हवं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ही माफी केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना ती लागू नाही. जी मुलगी कॅपमधून शुल्क न भरता शिकली असती, तिच्या वडिलांकडून कोट्याच्या नावाखाली पूर्ण फी घेतली जाते आणि त्यांना वाटतं, आपण जागा वाचवली. असं होताना पाहिलं की फार वाईट वाटतं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, जातीचा दाखला, जात वैधता यांपैकी जे लागू असेल त्याची धावपळ आजच सुरू करा. सेतू केंद्रापुढे जूनमध्ये रांग लागते.

पैसे भरून बसलेल्यांनीही हात टेकू नयेत. विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केला तर महाविद्यालयाने किती पैसे परत द्यायचे हे यूजीसीने ऑक्टोबर 2018 मध्ये ठरवून दिलेलं आहे. प्रवेशाच्या अधिकृत शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी कळवलं तर पूर्ण शुल्क परत मिळतं, प्रक्रियेचा खर्च म्हणून फार तर 5 टक्के, तेही 5000 रुपयांच्या आत, कापता येतात. शेवटच्या पंधरा दिवसांत कळवलं तर 90 टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांच्या आत 80 टक्के, त्यापुढे तिसाव्या दिवसापर्यंत 50 टक्के. त्यानंतर काही मिळत नाही. पुढच्या काळात आयोगाने त्या त्या वर्षासाठी याहून सवलतीच्या मुदतीही दिल्या आहेत, तेव्हा चालू वर्षाचं परिपत्रक शोधून काढा. रद्द करत असल्याचं लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगणं म्हणजे न सांगणंच. आणि मूळ गुणपत्रिका, मूळ दाखला संस्था अडवून ठेवू शकत नाही. पडताळून ही कागदपत्रं परत द्यायची असतात. कुणी अडवलं तर यूजीसीच्या ‘ई-समाधान’वर तक्रार नोंदवा. विद्यापीठांनी लोकपाल नेमावेत असा 2023 चा नियम आहे, त्यांच्याकडे जा.

आता जाहिरातीकडे वळू. फलकावर एका मुलाचा फोटो, खाली ‘हायेस्ट पॅकेज’. त्या आकड्याने तुमच्या मुलाबद्दल काहीही कळत नाही. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्राच्या संस्था क्रमवारीच्या निमित्ताने अनेक महाविद्यालयं दर वर्षी एक तक्ता भरतात आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर असतो. तीन वर्षांच्या पदवीची ओळ शोधा. पहिल्या वर्षी किती मुलांनी प्रवेश घेतला, त्यांतली किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती, हे सगळं एका ओळीत मिळतं. समजा 120 जणांनी प्रवेश घेतला, 80 वेळेत पास झाले आणि 15 जणांना नोकरी लागली, तर मधला पगार कितीही दिसो, तो त्या 15 जणांचा आहे हे ध्यानात घ्या. उरलेले कुठे गेले, असं विचारायला संकोचू नका. तक्ताच नसेल तर मागच्या वर्षीच्या पाच मुलांचे फोन नंबर मागा आणि स्वतः बोला. क्रमवारीतल्या मॅनेजमेंटच्या यादीने हुरळूनही जाऊ नका. ती प्रामुख्याने एमबीए शिकवणाऱ्या संस्थांची असते. नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेच्या श्रेणीलाही प्रमाण मानून थांबू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना लाचेच्या आरोपावरून अटक केली होती.

याहून खरी माहिती वर्गात मिळते. बहुतेक ठिकाणी बीबीए हा कायम विनाअनुदानित विभाग असतो. महाविद्यालय पंचाहत्तर वर्षं जुनं, नावाजलेलं असेल, पण त्याचे जुने-जाणते प्राध्यापक या विभागात शिकवत असतीलच असं नाही. तिथे तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने पैसे मिळणारे तरुण शिक्षक असतात. त्यांत काही फार चांगले असतात, पण वर्षाअखेरीला निम्मे सोडून जातात, कारण त्यावर घर चालत नाही. अकाउंट्स कोण शिकवतं, स्टॅटिस्टिक्स कोण शिकवतं आणि ते किती वर्षं इथे आहेत, हे नावानिशी विचारा. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, न कळवता जा. ग्रंथालयात बसायला जागा आहे का आणि तिथे कुणी बसलेलं दिसतं का, ते बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना इंटर्नशिप कुठे केली ते विचारा. कंपनीचं नाव, काम, साहेबांचं नाव पटापट सांगता आलं तर ती खरंच झाली. फक्त प्रमाणपत्र दाखवलं तर समजून घ्या.

शुल्काचा आकडा एका वर्षाचा ऐकून परतू नका. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षाने ऑनर्स आहे. चौथं वर्ष याच महाविद्यालयात होणार का आणि सगळी वर्षं मिळून विकास निधी, गणवेश, टूर, परीक्षा, वसतिगृह धरून किती होतात, हे लेखी घ्या. पुण्या-मुंबईतल्या काही खासगी आणि अभिमत विद्यापीठांत वर्षाचंच शुल्क काही लाखांत जातं. कर्ज काढणार असाल तर संस्था बँकेच्या यादीत आहे का ते आधी शाखेत जाऊन विचारा. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजना ठरावीक दर्जाच्या संस्थांनाच लागू आहे, सरसकट नाही. ऑनलाइन बीबीए घ्यायचा विचार असेल तर त्या विद्यापीठाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता त्याच अभ्यासक्रमासाठी आणि याच वर्षासाठी आहे का, ते यादीत बघा.

हे सगळं दुकान सांभाळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, स्मार्टफोनवर फक्त व्हॉट्सॲप वापरणाऱ्या आईबापांनी एकट्याने करावं, अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. म्हणून बीबीए, बीकॉम, एमबीए करून नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. निकालानंतरच्या दोन रविवारी आपापल्या गावी या. वाचनालय, ग्रामपंचायत, समाजमंदिर, जिथे जागा मिळेल तिथे तासभर बसा. यूजीसीची यादी, मान्यतापत्र, शासन निर्णय, कॅपचं वेळापत्रक असं मोबाइलवर उघडून पालकांना दाखवा. पर्याय भरताना शेजारी बसा. बारावीच्या वर्गशिक्षकांनी गुणपत्रिका देताना सीईटी कक्षाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि कॅपच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात. शाळा-महाविद्यालयांच्या फाटकाबाहेर माहितीपत्रकं वाटणाऱ्या एजंटांना मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी आवारात थारा देऊ नये, आणि मुलांचे फोन नंबर कुणालाही विकत किंवा फुकट देऊ नयेत. पत्रकारांनी आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक बीबीए केंद्राचं मान्यतापत्र मागून ते छापावं. ज्याने दिलं त्याचं नाव छापा, ज्याने दिलं नाही त्याचंही छापा.