विषाचा आकडा आणि हॉलचं बंद दार

मंडळी, या विकांताला कोड बाजूला ठेवून जरा भलत्याच गल्लीत शिरलोय. न्यायवैद्यक विषशास्त्र! आपला त्याच्याशी संबंध पेपरापुरता. 'व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे' हे वाक्य वाचायचं आणि पान उलटायचं. पुढे त्या बरणीचं काय होतं, अहवालातला आकडा कुठून येतो, कोण विचारतंय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या क्षेत्रातली माणसं परिषदांमध्ये एकमेकांना जे सांगतात, ते हॉलबाहेर, निदान कोर्टापर्यंत तरी, पोचलंच पाहिजे. नाही पोचलं तर काय होतं? डिगॉक्सिनची गोष्ट ऐका.

डिगॉक्सिन हे हृदयविकारावरचं जुनं औषध. १९८१ साली टोरांटोच्या 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन'मध्ये दगावलेल्या बाळांच्या रक्तात ते जास्त सापडलं आणि सुझन नेल्स या नर्सवर चार बाळांच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. १९८२ मध्ये प्राथमिक सुनावणीतच तिची सुटका झाली, खटला उभाच राहिला नाही. पण या आकड्याच्या दोन गोची आहेत. एक, जिवंतपणी हे औषध हृदयाच्या स्नायूत साठून राहतं आणि मृत्यूनंतर तिथून झिरपत आजूबाजूच्या रक्तात येतं. म्हणजे हृदयातून काढलेल्या रक्तात आकडा फुगलेला दिसतो, मांडीच्या शिरेतल्या रक्तात त्या मानाने कमी. डोस तोच, माणूस तोच, आकडे दोन! दुसरी गोची मोजणीची. अँटिबॉडी वापरून केलेली चाचणी शरीरात आपोआप तयार होणाऱ्या, डिगॉक्सिनसारख्या दिसणाऱ्या पदार्थांनाही डिगॉक्सिन समजते, आणि नवजात बाळांत ते पदार्थ असतात. आपल्या भाषेत, फॉल्स पॉझिटिव्ह. पहिली गोष्ट १९७० च्या दशकात छापून आली होती, दुसरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला.

आता वीस वर्षं पुढे या. हॉलंडमध्ये लुसिया डी बर्क या नर्सला २००३ मध्ये जन्मठेप झाली. पुराव्यात एका बाळाच्या रक्तातलं... काय असेल? डिगॉक्सिन! (सोबतीला एक संख्याशास्त्रीय आकडाही होता, या सगळ्या घटना योगायोगाने तिच्याच पाळीत होण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक. त्याचे वाभाडे संख्याशास्त्रज्ञांनी नंतर यथेच्छ काढले, तो वेगळा लेख होईल.) जास्त नेमक्या पद्धतीने केलेल्या तपासणीचा स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेचा अहवाल सरकारी न्यायवैद्यक संस्थेकडे आलेला होता, आणि तो तिथे दोन वर्षं पडून राहिला. शेवटी हे प्रकरण लावून धरलं कुणी? टॉन डर्कसन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या डॉक्टर बहिणीने. दोघंही या शास्त्राबाहेरचे. लुसिया निर्दोष सुटली २०१० साली. मधल्या काळात तिला तुरुंगात पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता.

म्हणजे बग माहीत होता, छापलेलाही होता, पण ज्याला पॅच लावायचा त्याच्यापर्यंत गेलाच नाही.

परिषदा नाहीत असं नाही हो. 'टियाफ्ट' ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६३ पासून आहे, दरवर्षी भेटते. अमेरिकेत 'सॉफ्ट' आहे. आणि त्या हव्यातच. निटाझीन जातीचं एखादं नवं घातक अफूसदृश रसायन एका देशातल्या प्रयोगशाळेला आधी दिसतं. तिने ते सांगितलं नाही तर दुसरीकडे त्याच रसायनाने गेलेल्या माणसाच्या अहवालावर 'काही आढळले नाही' असं येणार. शोधायलाच गेलं नाही तर आढळेल कसं?

अडचण अशी, की तिथे जाणारे सगळे एकाच गोतातले. बचावाचा वकील, शवविच्छेदन करणारा तालुक्याचा डॉक्टर, न्यायाधीश यातलं सहसा कुणी तिथे नसतं. त्यांच्यासाठी उरतो तो चार ओळींचा सारांश.

यावर लोक म्हणतात, मृताच्या घरच्यांची अब्रू, चालू खटले, त्यांचं काय? मुद्दा खरा आहे. गाव, वय, प्रसंग एकत्र सांगितले की नाव सांगायची गरजच उरत नाही. तेव्हा प्रकरणं जपूनच मांडा. पण पद्धतीतली चूक मांडायला कुणाचं नाव लागत नाही. 'आमच्या चाचणीने अमुक पदार्थाला तमुक समजलं' एवढं वाक्य पुरे. सॉफ्टवेअरमध्ये 'नोन इश्यूज'ची यादी रिलीजबरोबर जाते, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. इथे मात्र चूक कबूल केली की जुने खटले उकरले जातील ही भीती. अहो, मग उकरले जाऊ देत की! आत माणूस बसलाय.

वाचकांत कुणी वकील मित्र असतील तर पुढच्या वेळी विषाचा आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारून बघा. रक्त शरीरातल्या कुठल्या जागेहून घेतलं, मृत्यूनंतर किती तासांनी घेतलं, आणि कुठल्या पद्धतीने मोजलं? काय उत्तर मिळतं ते मलाही कळवा.